मदत हवी आहे : एक्सेलमध्ये अर्धायुष्य ६ ऐवजी १३.८ तास का येतंय?

औषध १०० मिग्रॅ तोंडावाटे, एकच डोस. त्याचं अर्धायुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) काढायचंय. प्लाझ्मातली (रक्तद्रवातली) पातळी ८, १२ आणि २४ तासांना २.००, १.२६ आणि ०.३१५ मिग्रॅ/लिटर, शिखर साधारण २ तासांना. पातळ्यांना ‘लॉग’ फंक्शन लावून वेळेनुसार ‘स्लोप’ (उतार) काढला तर −०.०५०२ येतो, म्हणजे अर्धायुष्य १३.८ तास. पण १२ ते २४ तासांत पातळी पाव झालीय, म्हणजे ते ६ तासच हवं ना? वक्राला जुळणारे आकडे शोधणाऱ्या एक्सेलच्या सॉल्व्हरचंही काही खरं नाही : केए (शोषणाचा दर, प्रतितास) ०.११५५, केई (शरीराबाहेर जाण्याचा दर) १.२ आणि वितरण-आकारमान (औषध जणू किती द्रवात पसरलंय ते) जेमतेम २.२ लिटर दाखवतोय. आलेख मात्र बिंदूंवर चपखल बसतो.

प्रतिसाद १
एक्सेलचं ‘लॉग’ पाया १० चं असतं. ‘एलएन’ वापरा, नाहीतर उताराला २.३०३ ने गुणा. ०.११५५ येईल, अर्धायुष्य ६.० तास. (मॅक्रो लिहिणाऱ्यांसाठी : व्हीबीए या मॅक्रोंच्या भाषेतलं ‘लॉग’ नैसर्गिक, म्हणजे ‘एलएन’सारखं असतं. याच घोळात भलेभले फसतात.) उतारासाठी शेवटचे किमान ३ बिंदू घ्या, शिखराचा बिंदू धरू नका.

प्रतिसाद २
सॉल्व्हर चुकलेला नाही, फ्लिप-फ्लॉप झालंय, म्हणजे दोन दरांची अदलाबदल. एक-कप्पा समीकरणात (सगळं शरीर एकच कप्पा धरणाऱ्या) केए आणि केई यांची अदलाबदल केली आणि आकारमान त्याच प्रमाणात बदललं, तर वक्र हुबेहूब तोच राहतो. तुमचे २.२ लिटर उलटे फिरवा : २.२ × १.२ ÷ ०.११५५, म्हणजे सुमारे २३ लिटर. क्लिअरन्स (दर तासाला औषधमुक्त होणारं आकारमान, म्हणजे केई × आकारमान) दोन्हीकडे सारखाच, सुमारे २.६४ लिटर/तास. सॉल्व्हरमध्ये ‘केए ≥ केई’ ही अट घाला आणि सुरुवातीचे आकडे १ व ०.१ द्या. दोन्ही आकडे एकसारखे दिलेत तर छेद शून्य होऊन पहिल्याच फेरीत त्रुटी येईल. अर्थात औषध खरोखरच हळू शोषलं जात असेल तर ही अट दिशाभूल करते. खरी जोडी कोणती ते शिरेतून दिलेल्या डोसच्या नोंदींशिवाय ठरत नाही.

मोजलेल्या आणि अंदाजित पातळीतल्या फरकांच्या वर्गांची नुसती बेरीज कमीत कमी करू नका. तिच्यावर शिखराजवळच्या मोठ्या आकड्यांचं राज्य चालतं आणि २४ तासांचा बिंदू कुणी विचारात घेत नाही. प्रत्येक वर्गाला अंदाजित पातळीच्या वर्गाने भागा.

प्रश्नकर्ता
‘एलएन’ने ६.० आलं, अट घातल्यावर २२.८ लिटर. एयूसीसाठी (वक्राखालच्या क्षेत्रफळासाठी) सरळ ट्रॅपेझॉइड, म्हणजे बिंदू सरळ रेषांनी जोडून समलंबांची बेरीज, चालेल?

प्रतिसाद २
चढत्या भागात चालेल, उतरत्या भागात नको. १२ ते २४ तासांतच बघा : सरळ रेषेने ९.४५, ठरावीक प्रमाणात घट धरणाऱ्या लॉग पद्धतीने (१.२६ − ०.३१५) ÷ ०.११५५ = ८.१८. एकाच तुकड्यात १५ टक्क्यांहून जास्त फुगवटा. पुढच्या अनंतापर्यंतच्या शेपटीचे ०.३१५ ÷ ०.११५५ = २.७३ मिळवा. शेपूट एकूण एयूसीच्या २० टक्क्यांवर गेली असती तर आणखी उशिराचे नमुने घ्यावे लागले असते. इथे ती ७ टक्क्यांच्या आसपास आहे.