दिल्ली–टोकियो उड्डाणाचा वेळ नेमका कसा काढायचा? मदत हवी आहे
दिल्ली ते टोकियो सरळ अंतर सुमारे ५,८५० किमी. ताशी ९००ने भागलं की साडेसहा तास येतात, पण तिकिटाशी जुळत नाहीत. टोकियोचं घड्याळ साडेतीन तास पुढे. म्हणजे रात्री ८ला निघून सकाळी ७ला उतरणारं विमान अकरा नाही, साडेसातच तास घेतं. (बहुतेकांचं गणित इथेच फसतं.) परतीला मात्र साडेनऊच्या आसपास, कारण पश्चिमेकडून वाहणारा जेट प्रवाह (खूप उंचावरचा वेगवान वारा) समोरून येतो, हिवाळ्यात तर जास्तच जोराने. धावपट्टीपर्यंतचं रखडणं आणि तिबेटच्या पठाराला घातलेला वळसा, यांची किती मिनिटं धरायची? वाऱ्याचा वेग कोणत्या उंचीचा घ्यायचा, ३४,००० फुटांचा की ३९,०००चा? हिशोब करून पाहिलेल्यांनी रीत सांगा.