पोटातले जंत आणि इतर परजीवी: गोळी सरसकट द्यावी की तपासून?

चर्चाप्रस्ताव (यावल)
राष्ट्रीय जंतनाशक दिनी, २०१५ पासून, शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. पोटात जंतांखेरीज आणखी कोणी नाहीच, असे धरून ही मोहीम चालते, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. बोलिव्हियातील चिमाने लोकांविषयी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की ज्यांच्या आतड्यांत जंत होते त्यांच्यात जिआर्डिया (जुलाब घडवणारा सूक्ष्म परजीवी) कमी सापडला आणि जंतांचे औषध दिल्यावर तो होण्याची शक्यता वाढली. एकाला हुसकावल्यावर दुसऱ्याचे फावत असेल, तर आधी शौचाची तपासणी का करू नये?

प्रतिसाद (रावेर)
भाऊ, अभ्यास खरा असला तरी निष्कर्ष मला मान्य नाही. केळीच्या ओल्या बागेत अनवाणी वावरणाऱ्याच्या पायाच्या कातडीतून अंकुशकृमी या जंताची अळी शिरते आणि पुढे लहान आतड्याला चिकटून रक्त पिते; त्याच्या मोठ्या जातीचा एकेक कृमी दिवसाला ०.२ मिलिलिटरपर्यंत रक्त घालवतो, म्हणजे शंभर कृमींचे २० मिलिलिटर. आधीच अशक्त असलेल्या मुलीच्या पोटात हे चालू असताना जिआर्डियाला अडवायला जंत राहू द्यावेत, हे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखे आहे. जिआर्डिया दूषित पाण्यातून येतो, त्याचा बंदोबस्त पाण्यापाशी करावा. शिवाय एकाच नमुन्यात जंतांची अंडी दिसतीलच असे नाही.

प्रतिसाद (धडगाव)
आपण दोघेही आतड्यातच अडकलात. रक्तात हाच प्रकार अधिक गंभीर असतो. फाल्सिपॅरम आणि व्हायवॅक्स हे हिवतापाचे दोन परजीवी एकाच माणसात असले, तर फाल्सिपॅरम वरचढ ठरून व्हायवॅक्स दबून राहतो आणि रक्ततपासणीच्या काचपट्टीवर नजरेतून निसटू शकतो. मग फक्त फाल्सिपॅरमचे औषध दिले जाते, यकृतात दडलेला व्हायवॅक्स काही आठवड्यांनी उठतो, आणि गावात बोलले जाते की गोळ्याच खोट्या होत्या. यकृतातल्या परजीवीसाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. येथे तपासणीवरच उपचार ठरतो. जंतांच्या गोळीचे तसे नाही.

चर्चाप्रस्तावक (यावल)
अंकुशकृमीबाबत रावेरकरांचे म्हणणे मान्य. गोळी थांबवू नये. मात्र अल्बेंडाझोलच्या एका मात्रेने जिआर्डिया जात नाही. म्हणून गोळीनंतरही ज्या मुलाचे जुलाब थांबत नाहीत, त्याला पुन्हा जंतांचीच गोळी न देता त्याचा नमुना तपासावा, एवढी मागणी मी सोडणार नाही.

प्रतिसाद (रावेर)
याला माझा विरोध नाही. पण ही मागणी आपल्या मूळ प्रस्तावात नव्हती.