बीट कवी ते पंक, खरंच काही धागा आहे का?

बीट म्हणजे १९५०च्या दशकातले बंडखोर अमेरिकन कवी, पंक म्हणजे १९७०च्या दशकातलं रांगडं रॉक संगीत. मित्र म्हणतो पंकवाल्यांना कवितेशी काय घेणंदेणं, गिटारचे तीन कॉर्ड आणि आरडाओरडा. मला पटत नाही पण मुद्दा मांडता येईना. कोणी सांगेल का?

टपरीवाला: मित्राला सांग, क्लॅश या ब्रिटिश पंक बँडचा १९८२चा 'कॉम्बॅट रॉक' अल्बम ऐक, त्यात 'घेटो डिफेंडंट' गाण्यामध्ये मागून जो आवाज येतो ना तो चक्क बीट कवी अ‍ॅलन गिन्सबर्गचा. आणि पंक गायिका पॅटी स्मिथ? १९७१ला न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये कवितावाचन, सोबत लेनी के गिटारवर, तिथूनच बँड उभा राहिला की.

रात्रपाळी: गायक बॉब डिलनच्या १९६५च्या गाण्याच्या त्या व्हिडिओत तो शब्द लिहिलेलं एकेक कार्ड टाकत असतो तेव्हा मागे गल्लीत दाढीवाला बाबा गप्पा मारत उभाय, तोही गिन्सबर्गच 😄

टपरीवाला: हो ना! आणि हाच बाबा १९६२ला मुंबईत होता, कवी अरुण कोलटकर, अशोक शहाणे या मंडळींना भेटलेला. नंतर भारतातली पेटी वाजवत स्टेजवर गायचा, सूर यथातथाच. कोलटकरही पुढे पखवाज शिकले, इंग्रजीत गाणी लिहिली. एकतर्फी मामला नव्हता.

प्रश्नकर्ता: पेटी?? आपली भजनातली? मित्राला आत्ताच फोन लावतो.