४४३ वर वळवूनही रिमोट डेस्कटॉप का अडतो

रिमोट डेस्कटॉपसाठी, म्हणजे दूरून घरचा पीसी वापरण्यासाठी, राउटरवर ४४३ पोर्ट (सुरक्षित वेबसाइटींचं) घरच्या पीसीच्या ३३८९ कडे (रिमोट डेस्कटॉपचं नेहमीचं पोर्ट) वळवूनही कॉलेजच्या वायफायवरून जोडणी होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तोच पत्ता लावून बघा. तिथूनही नाही झालं तर गडबड घरीच आहे. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा इंटरनेटकडचा पत्ता, १००.६४ ते १००.१२७ मधला दिसतोय का? मग प्रोव्हायडरने तुम्हाला सीजीनॅटमागे बसवलंय, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. पोर्ट कितीही वळवा, बाहेरून आत काही येणार नाही. यातच माझ्या दोन रात्री गेल्या होत्या.

हॉटस्पॉटवरून चाललं, तर कॉलेजचा फायरवॉल नुसता पोर्ट नंबर बघत नसणार. ४४३ वर त्याला पहिल्याच पॅकेटात टीएलएसचं हॅलो, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणी सुरू करणारा संदेश, हवं असतं. आरडीपी (रिमोट डेस्कटॉपचा प्रोटोकॉल) मात्र आधी स्वतःची विनंती पाठवतं, टीएलएस त्यानंतर. तिथेच पकडलं जातं. रिमोट डेस्कटॉप गेटवे हा मधला सर्व्हर सगळं खऱ्या एचटीटीपीएसमध्ये (सुरक्षित वेबसाइटींच्या रहदारीत) गुंडाळतो म्हणून बहुधा निघून जातो, पण त्याला विंडोज सर्व्हर लागतो.

आणि कृपा करून ते उघडं पोर्ट आजच बंद करा. २०१९ मध्ये सापडलेल्या ब्लूकीप या रिमोट डेस्कटॉपमधल्या त्रुटीमुळे जुन्या विंडोजची मशीनं पासवर्डशिवाय ताब्यात घेता येत होती. घरी वायरगार्ड (घरच्या नेटवर्कात शिरायचा सुरक्षित व्हीपीएन) बसवा, आणि कॉलेजच्या नेटवर्कवाल्यांकडे त्याचं पोर्ट रीतसर अर्ज करून मागा.