सतरा उंबऱ्यांच्या वाडीला गाडी सोडावी का?

सड्यावरची: रत्नागिरी जिल्ह्यातली आमची वाडी. सतरा घरं, त्यातली सहा कुलूपबंद. रात्री साडेआठला एसटीची मुक्कामी गाडी यायची आणि पहाटे सहाला तालुक्याला निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात पथारी टाकायचे, सकाळी आमच्याकडून पेजेचा टोप जायचा. गेल्या पावसाळ्यापासून गाडी बंद. कारण काय, तर भारमान नाही, म्हणजे सीट पुरेशा भरत नाहीत. आता नववीतल्या दोन पोरी अंधारात चार किलोमीटर घाटी चढून फाट्यावर जातात. डोकी मोजून गाडी द्यायची ही रीतच मला मान्य नाही.

घाटावरचा: ताई, पोरींचे हाल पटतात, पण डिझेलला ते कळत नाही. गाडी रिकामी असो की भरलेली, लिटरला चार-पाच किलोमीटरच जाते. तुमच्या वाडीत ती तीन माणसं घेऊन फिरते, तेव्हाच बाजारगावच्या स्टँडवर शंभर पोरं दाराला लोंबकळत असतात. ती गाडी त्यांना का नको? आणि मोजणी सगळीकडेच आहे. ग्रामसडक योजनेत 2001 च्या जनगणनेवरून सपाटीला 500 आणि डोंगरी-आदिवासी भागात 250 लोकवस्ती अशी रेघ होतीच की.

सड्यावरची: रेघ ओढा हो, पण डोकी कुठल्या महिन्यातली धरणार? 2001 ला रत्नागिरी जिल्ह्यात 16,96,777 माणसं होती, 2011 ला 16,15,069. सिंधुदुर्गही घटला. 2021 ची मोजणी झालीच नाही. पुढची 2027 च्या फेब्रुवारीत, म्हणजे चाकरमानी मुंबईत असताना. गणपतीत या मोजायला, आमच्याच घरात बावीस पानं वाढलेली असतात.

घाटावरचा: पाच दिवसांच्या बावीस पानांवर वर्षभर गाडी चालवायची?

जुना बिल्ला: तीस वर्षं तिकिटं फाडली, म्हणून मध्ये बोलतो. गाडीच्या दहा मिनिटं आधी वडाप, म्हणजे खाजगी जीप, पुढे पळतं आणि रोख पैशाचं गिऱ्हाईक उचलतं. आमच्या गाडीत उरतात शाळेच्या पासवाल्या पोरी, 75 च्या पुढचे आजोबा, 2023 पासून निम्म्या तिकिटाच्या बायका. गाडीत माणसं असतात, पिशवीत चिल्लर नसते. सवलतीचे पैसे सरकारने भरायचे, पण संध्याकाळी पेटीवर विचारतात ते आजच्या रोकडीचं.

पण ताई, राग मानू नका, मुक्कामाला नको म्हणणाऱ्यांत मीही होतो. पेज गोडच असायची. पण पावसात देऊळ गळतं, संडास नाही, रात्रभर डास आणि पहाटे परत स्टिअरिंग. ड्रायव्हरला झोप नको का?

वऱ्हाडी: आमच्याकडं काळी-पिवळी हाय. शेवटची सहाले जाते. त्यानंतर कोणी आजारी पडायचं नाही, येवढाच नियम.

घाटावरचा: मग वडापलाच रीतसर परवाना द्या ना. सात-आठ सीटची गाडी या रस्त्याला परवडेल.

सड्यावरची: सीट भरल्याशिवाय ते हलत नाही. आमच्या वाडीत सात माणसं एका वेळी निघतात ती फक्त मयताला.

घाटावरचा: हं. मग लहान गाडी तरी मागा, फाट्यापर्यंत.

सड्यावरची: फाट्यावर गाड्या पुष्कळ आहेत हो! मधले ते चार किलोमीटरच तर नडतात. सोमवारी ग्रामसभा आहे, अर्ज लिहायला घेतलाय. बिल्लाकाका, मुक्कामीच मागू ना?

जुना बिल्ला: मुक्कामी मागितलीत तर पुन्हा नकारच. सकाळी पावणेसातची मागा. आगारातली पहिली गाडी तेवढ्यात वर येऊन वळू शकते. आणि अर्जात घरं किती ते लिहूच नका. वाटेतल्या तिन्ही वाड्यांतल्या पासवाल्या पोरींची नावं, इयत्ता आणि शाळा भरायची वेळ लिहा. खाली मुख्याध्यापकांची सही घ्या.