खुर्चीवरची पूजा

गुडघ्यांमुळे पाटावर बसवत नाही, खुर्चीवर बसून केलेली पूजा चालेल का, असं एका ताईंनी विचारलंय. वाचून राहवलं नाही. माझं वय 74. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली तेव्हा मलाही हीच रुखरुख होती. चाळीस वर्षं पाटावर बसून पूजा केलेली, त्यामुळे खुर्चीतून देवाला गंध लावताना अपराध केल्यासारखं वाटायचं. शेवटी सुताराकडून देवघरच उंच करून घेतलं. आता बाळकृष्ण अगदी नजरेसमोर येतो. त्याच्या हातातला लोण्याचा गोळा घासून घासून सपाट झालाय, हे मला इतक्या वर्षांनी दिसलं! ताई, खुशाल खुर्चीवर बसा.

जपाची माळ सासूबाईंची, तुळशीची. 108 मणी, मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची, तर्जनी लागू द्यायची नाही, हे सगळं त्यांनीच शिकवलं. हल्ली बोटं आखडतात, एकाच वेळी दोन मणी ओढले जातात, मोजणी चुकते. मग मी सरळ आणखी एक माळ ओढते. नाव तेवढंच जास्त घेतलं जातं.

सोवळ्यातला स्वयंपाक सुटला, त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण पहाटे चारला जाग येते. आमचे हे गेल्यापासून ती वेळ फार अंगावर यायची. आता अंथरुणातच गोमुखीत, म्हणजे जपाच्या माळेच्या पिशवीत, हात घालते. फटफटेपर्यंत चार-पाच माळा होतात, मग उठून चहा टाकते.