मदत हवी आहे: माळ्यावर गव्हाणी घुबडाची पिल्लं आहेत आणि कौलं परतायची आहेत

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घराच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांच्या जोडीने पिल्लं काढली आहेत. छपराच्या त्याच पाख्याच्या (उताराच्या) रिपा कुजल्यात, त्यामुळे पावसाआधी कौलं उतरवणं भाग आहे. पिल्लांना धक्का न लागता हे काम कसं उरकावं, याचा अनुभव कुणाला असेल तर कृपया सविस्तर लिहा.

घर चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. मागच्या पाख्यात आढ्याला लागून दोन कौलं सरकली आहेत, तिथून जोडीची ये-जा असते. माळ्यावर जुनी इरली आणि मोडका पाळणा आहे, त्या पाळण्यामागे पिल्लं बसतात. शिडीवरून डोकावले तेव्हा चार दिसली, आणि सगळ्यात थोरलं धाकट्याच्या दुप्पट होतं. अंगावर पिवळट पांढरी लव आहे, थोरल्याच्या पंखांत खरी पिसं फुटू लागली आहेत. तिन्हीसांजेपासून जो आवाज सुरू होतो, तो घुत्कार नव्हे, लांबलचक खरखरीत फूत्कार असतो. पडवीत झोपणाऱ्या पाहुण्यांना वर साप आहे असं वाटतं. घुबडांनी ओकून खाली टाकलेले केसाळ काळपट गोळे मी पाण्यात भिजवून सोडवले, तर आत उंदरांच्या आणि चिचुंद्रीच्या कवट्या अख्ख्या निघाल्या. माडाखाली उंदरांनी पोखरलेली बोंडं पूर्वी रोज सापडायची, ती आता खूपच कमी झाली आहेत. मला ही जोडी इथे राहायला हवी आहे.

अडचण अशी की सुतार शिमगा झाल्या झाल्या येतो म्हणतोय. त्यानंतर तो आंब्याच्या गडबडीत सापडेल आणि मग मे संपेपर्यंत मिळणार नाही. पिल्लं तोवर उडतील का?

दुसरी अडचण घरातली. सासूबाईंचं वय झालंय. घरावर घुबड बसलं की घर ओस पडतं, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्यात, आणि रात्री तो आवाज आला की त्यांना खरोखर त्रास होतो. त्यांना दुखवून काही करायचं नाहीये. त्यात वाडीतल्या एकाने सुचवलं की "माझ्या ओळखीचा माणूस आहे, तो पिल्लं घेऊन जाईल, वर पैसेही देईल." हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. असली पिल्लं कशासाठी नेतात ते आपण सगळे जाणतो. मी स्पष्ट नाही म्हटलं, पण दिवसा घर बंद असतं तेव्हा जीव थाऱ्यावर नसतो.

आणखी एक, तितकंच महत्त्वाचं. आमच्या आगराच्या खाली, खाडीच्या तोंडाशी, शेजाऱ्यांचा जुना रायवळ आंबा आहे. त्याच्या शेंड्याजवळच्या बेचक्यात समुद्री गरुडाचं, म्हणजे आपल्याकडे ज्याला काकण म्हणतात त्याचं घरटं आहे. ब्राह्मणी घारीशी गल्लत नाही, याची मला खात्री आहे. घारीचं डोकं पांढरं आणि अंग विटकरी असतं. इथे डोकं, मान, पोट सगळं शुभ्र आहे, पंख राखाडी, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी, आणि घिरट्या घालताना पंख वर उचललेले. जोडी दरवर्षी त्याच घरट्यावर काटक्या रचते. यंदा मात्र लाकूडवाला झाड बघून गेला आहे. शेजारी चांगली माणसं आहेत, पण पैशांची निकड आहे. त्यांच्याशी बोलायचं तर नुसतं "पाखरू आहे हो" म्हणून भागणार नाही, हातात काहीतरी ठोस हवं.

बाकी आवार भरलेलं आहे. फणसावर पिंगळ्यांची जोडी आहे, काजऱ्याची फळं खायला धनेश येतात, सड्यावरून सर्पगरुडाची शीळ ऐकू येते. त्यांची काळजी नाही.

*

प्रतिसाद १

ताई, पिसं फुटायला लागली म्हणजे थोरलं साधारण तीन-चार आठवड्यांचं असावं. गव्हाणी घुबडाची मादी एक-दोन दिवसांआड अंडी घालते, पण पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. म्हणून पिल्लं पायरीपायरीने लहान असतात. उडायला आठ-नऊ आठवडे लागतात. तुमचा हिशोब थोरल्यावरून करू नका, धाकट्यावरून करा. उडायला लागल्यावरही काही आठवडे ती दिवसा झोपायला तिथेच परततात.

सुताराला येऊ द्या, फक्त कामाची सुरुवात पुढच्या पाख्यापासून करा. मागचा पाळण्याकडचा खण शेवटी ठेवा. काम भर दिवसा करायचं आणि पाच वाजता थांबवायचं, म्हणजे जोडीला अंधार पडताना शिकारीला निघता येईल. सरकलेल्या कौलांचं भोक कोणत्याही परिस्थितीत बुजवू नका. त्या बाजूला बल्ब लावू नका आणि फोटोसाठी वर जाऊ नका.

घुबडांना घरट्यासाठी एक लाकडी पेटी आत्ताच करून घ्या. तळ दीड फूट बाय दीड फूट, उंची दोन फूट, आणि घुबड आरामात शिरेल एवढं भोक. ते भोक तळापासून निदान दीड फूट वर हवं, हे सुताराला दोनदा सांगा. बहुतेक लोक खाली भोक पाडतात आणि मग पिल्लं उडता येण्याआधीच बाहेर येऊन पडतात. पेटी गोठ्याच्या आढ्याखाली किंवा खोपीत, दोन पुरुष उंचीवर, मांजर चढणार नाही अशी बसवा. जुनी जागा बंद होण्याआधी ती तिथे असली तर जोडीला शोधायला वेळ मिळतो. पिल्लं मात्र त्यात उचलून ठेवू नका. चुकून एखादं खाली पडलंच तर परत पाळण्यामागे ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकतात, हे खरं नाही. दूध, भात, चपाती काही भरवू नका.

आणि उंदरांचं औषध! ब्रोमाडायलोनच्या वड्या घरात असतील तर आजच काढा. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस मरगळून फिरत राहतो आणि नेमका तोच घुबडाच्या तावडीत सापडतो. त्याचं विष मग पिल्लांच्या पोटात जातं. माडांना पुरुषभर उंचीच्या वर गुळगुळीत पत्र्याचे पट्टे बांधा, उंदीर त्यावरून चढू शकत नाही. झावळ्या शेजारच्या झाडाला टेकत असतील तर त्या आधी छाटाव्या लागतील.

सासूबाईंना माडाच्या भाषेत सांगून बघा. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला नारळावरचे उंदीर आटोक्यात आणायला गव्हाणी घुबडं मुद्दाम केरळातून नेली. इस्रायलमध्ये शेतकरी त्यांच्यासाठी शेतात पेट्या लावतात. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात तर 2018 साली घुबडांचा उत्सवच सुरू झाला. माझ्या आजीला लक्ष्मीचं वाहन म्हटलेलं पटलं होतं, पण प्रत्येकीचं वेगळं.

*

प्रतिसाद २

घुबडांबद्दल वर आलंच आहे. पैसे देऊन नेणारा माणूस ही गंभीर गोष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार घुबड पकडणं, विकणं, त्याची अंडी-पिल्लं काढणं गुन्हा आहे. 1926 हा वनविभागाचा क्रमांक आहे, तिथे कळवून ठेवा. आणि माळ्यावर पिल्लं आहेत हे वाडीत आता कुणाला नव्याने सांगू नका. इथेही गावाचं नाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत.

आंब्याचं. 1964 च्या महाराष्ट्रातल्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आंबा आहे, म्हणजे झाड स्वतःच्या जागेतलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. घरट्याचा दुरून काढलेला फोटो जोडून परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने किनाऱ्यावरच्या या गरुडांच्या घरट्यांवर काम केलं आहे, त्यांच्याशी बोला. काकण दोन अंडी घालतो, पिल्लू उडायला सत्तर दिवसांच्या आसपास जातात, आणि विणीच्या काळात झाडाखाली वर्दळ वाढली तर घरटं सोडूनही जातो. म्हणून अर्जाला उशीर नको. पण शेजाऱ्यांना आधी तुम्ही स्वतः भेटा. सरकारी कागद आधी गेला तर ते दुखावतील, आणि झाड शेवटी त्यांच्याच राखणीत राहायचं आहे.

*

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वड्या नारळाच्या खोपीत होत्या, त्या उचलल्या. सुतार पुढच्या पाख्यापासून सुरू करायला तयार झाला, मागचा खण त्याने मेच्या शेवटच्या आठवड्यावर टाकला आहे. मधे वळीव आला तर त्या भागावर ताडपत्री टाकावी लागेल, पण भोकाची बाजू उघडी ठेवून कशी बांधायची ते अजून सुचलेलं नाही.

शेजारच्या काकांकडे मी आणि हे जाऊन आलो. आंबा विकण्यामागे मुलीच्या फीचा प्रश्न आहे. गरुड बघायला येणाऱ्यांची त्यांच्या घरी राहण्या-जेवणाची सोय करता येईल का, असा विचार निघाला, पण त्याने झाडाखालची वर्दळ वाढेल ही भीती आहेच. किती अंतरावरून दाखवलं तर जोडीला त्रास होणार नाही? आमच्या गच्चीवरून घरटं दुर्बिणीतून स्वच्छ दिसतं, मधे सगळं आगर आहे. एवढं अंतर पुरेल का, हे जाणकारांनी सांगावं. पेटीला जुन्या फणसाच्या फळ्या आहेत, त्या चालतील ना?